मार्च संपायच्या आत

तानूला वाचता येत नाही, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. आज पहिल्यांदा त्याची भीती वाटतेय.

एरवी भीतीचं कारण नव्हतं. कसलाही कागद आला की ती तो माझ्याकडे घेऊन यायची. पोराच्या शाळेचा दाखला, पंचायतीची नोटीस, मेंढरांच्या लसीची चिठ्ठी, काहीही. मी वाचून सांगायची, ती मान डोलवायची, मग अंगठा उठवायची आणि अंगठ्याची शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसायची, वरून दिसू नये म्हणून. आज ती गुलबर्ग्यात एका खाजगी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. उद्या सकाळी तिच्यापुढं कागद धरतील, बोट ठेवून जागा दाखवतील, आणि ती अंगठा उठवेल. काय लिहिलंय असं विचारणार नाही. डॉक्टरला उलटून विचारायचं नसतं, हे ती सरकारी दवाखान्यात सतरा वर्षं काम करून शिकलीय.

संध्याकाळी सात वाजता मंगलचा फोन आला. मंगल माझी मुलगी. गुलबर्ग्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि कॉलेजनं तिला ट्रेनिंगसाठी नेमकं त्याच दवाखान्यात पाठवलंय. उद्याच्या ऑपरेशनच्या यादीत तिनं नाव वाचलं. तानूबाई बिराप्पा, वय पस्तीस. पुढं ऑपरेशनचं इंग्रजी नाव. म्हणजे गर्भाची पिशवी काढायची.

"आई, तानूमावशी हितं हाय. उद्या दहाला घ्यायलेत तिला," मंगल म्हणाली.

तिथं कशा बायका येतात ते मंगल दोन महिन्यांपासून सांगतेय. एका जीपमधून नऊ जणी उतरल्या आणि नवांनाही एकच ऑपरेशन झालं. सगळ्यांत लहान बाई अठ्ठावीस वर्षांची होती. काही जणींची पिशवीबरोबर अंडाशयंही काढतात, मग तिशीतच अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, चालताना बाई पन्नाशीची दिसते. मी हे सगळं ऐकायची आणि विषय बदलायची. मेसमध्ये नीट जेवतेस ना, असं काहीतरी विचारायची.

आज विषय बदलता आला नाही. मी म्हणाले, "तू काही बोलायचं न्हाई. मॅट्रनच्या हातात तुझे मार्क हायेत."

ती "बरं" म्हणाली. आईचं ऐकणारी मुलगी आहे. तेव्हापासून त्या एका शब्दाची मला धास्ती बसलीय.

तानू कोण, हे नीट सांगायला हवं. तिला न ओळखणाऱ्या माणसाला वाटेल, बाई अडाणी होती, फसली. ती तशी नाही.

बीदर जिल्ह्यात, चिंताकीच्या पुढं जिथं बस वळते, तिथून अडीच किलोमीटर आत आमचं गाव. मी उदगीरहून बी. ए. होऊन इथं लग्न करून आले, त्याच वर्षी तानू धनगरगल्लीत नांदायला आली. मी बावीस वर्षांची, ती पंधरा-सोळाची. तिच्या नवऱ्याच्या, बिराप्पाच्या घरी तेव्हा साठ-सत्तर मेंढरं होती. ती माणसं घरात कानडी बोलायची, गल्लीत मराठी, आणि मेंढरं मोजायची तेलुगूत, कारण व्यापारी नारायणखेडकडून यायचे. तानूला तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींत ती सारख्याच वेगानं चेष्टा करते.

आमची वस्ती गावाच्या कडेला. त्या काळी धनगरगल्लीतल्या बायका आमच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत. तानूनं एकदा मेंढरं घेऊन जाताना दारात थांबून मागून घेतलं. मी तांब्या हातात देताना घुटमळले, तर ती म्हणाली, "कामून भ्यायलीस अक्का, मला तान लागलीय, तुला न्हाई." तेव्हापासून मी तिची अक्का.

पुढं आमच्या वस्तीच्या मागं सरकारी दवाखाना झाला. दोन खोल्या, एक व्हरांडा, बाळंतपणासाठी एक तिसरी खोली, जी बांधली गेली पण कधी उघडली नाही. झाडलोट करायला, पाणी भरायला आणि किल्ली सांभाळायला बाई हवी होती. तानूला घेतलं. कागदावर अर्धवेळ, पण सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत किल्ली तिच्या कमरेला. डॉक्टर यायचे आणि बदलून जायचे. कोणी चार महिने, कोणी चार आठवडे. तानू त्यांची नावं लक्षात ठेवायची नाही. जूनमध्ये आलेली डॉक्टरीण ती जूनबाई. दसऱ्याला आला आणि दिवाळीला गेला तो दिवाळी डॉक्टर. एकजण पोळ्याच्या दिवशी आला. त्याला काय म्हणायची ते इथं लिहीत नाही, पण तो बिचारा शांत स्वभावाचा होता.

जूनबाई मात्र चांगली होती. आठ महिने राहिली आणि तानूला बरंच शिकवून गेली. सुया कशा उकळायच्या, बाळंतिणीला कुठल्या गोळ्या, हगवण लागलेल्या पोराला साखर-मिठाच्या पाकिटाचं पाणी कसं द्यायचं. एकदम पाजायचं नाही, उलटी होते. चमच्या-चमच्यानं.

मंगल सहा वर्षांची होती. चैत्रात गावात हगवणीची साथ आली. बाजाराचा दिवस, राजपाल, म्हणजे माझे मालक, शाळेच्या कामाला बीदरला गेलेले, दुपारची बस येऊन गेलेली. सकाळपासून पोरीला उलट्या-जुलाब, आणि दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी तिला उचलून दवाखान्यात धावले. डॉक्टर मीटिंगला गेलेले. तानूनं कुलूप काढलं, पाकीट फोडलं आणि पोरीला मांडीवर घेतलं. मी नुसती रडत होते. तिनं मला कामाला लावलं. समोर चिंचोक्यांचा ढीग ठेवला आणि सांगितलं, मी एक चमचा दिला की तू एक चिंचोका हिकडून तिकडं सरकव, उलटी झाली की थोडं थांबू, परत धरू. ऊन व्हरांड्यातून निघून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही हेच करत होतो. ढीग सरकून पुन्हा पहिल्या जागी आला. मंगलला लघवी झाली तेव्हा तानू म्हणाली, "आता जगली."

एवढंच. सलाईन नाही, ऑपरेशन नाही, डॉक्टरसुद्धा नाही. एक उघडं दार, एक पाकीट, आणि ते कसं द्यायचं हे शिकवून गेलेली एक डॉक्टरीण. माझी मुलगी त्यावर जिवंत आहे. तीच मुलगी आज तानूच्या वॉर्डात उभी आहे आणि मी तिला गप्प बस म्हणून सांगितलंय.

मंगल बरी झाल्यावर मी अर्ज लिहिला. दवाखान्यात कायमचा डॉक्टर द्यावा, एक सिस्टर इथं राहायला द्यावी, तिसरी खोली उघडावी. सत्त्याण्णव साली एकदा आणि दोन हजार सहात पुन्हा. दोन्ही अर्जांवर पहिला अंगठा तानूचा आहे. दोन्हींना उत्तर आलं नाही. त्या काळात गाव रिकामं होत गेलं. गायरानावर प्लॉट पडले, चारायला जागा राहिली नाही, बिराप्पानं मेंढरं विकली आणि हुमनाबादच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. पोरगा महांतेश हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला. तानू किल्ली घेऊन राहिली.

आणि मग गेल्या वर्षी, दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, कार्ड आलं.

गरिबांसाठी सरकारनं कंपनीकडून विमा घ्यायचा, आणि गरिबानं ते कार्ड दाखवून यादीतल्या खाजगी दवाखान्यात जायचं, अशी ती योजना. वाईट म्हणून मी ती झिडकारणार नाही. आमच्या गावातल्या बसवंतप्पाचं हर्नियाचं ऑपरेशन कार्डावर झालं. दहा वर्षं जांघेवर हात ठेवून चालणारा माणूस सरळ चालत घरी आला. राजपाल म्हणतात, सरकारी डॉक्टर पगार घेऊनही येत नाही, त्यापेक्षा गरिबाला श्रीमंताच्या दारातून आत जाऊ दे की. मला एवढंच दिसतं की कार्ड आल्यावर आमचा शेवटचा डॉक्टर बदलून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. कोणी मागितलंही नाही. मीसुद्धा तिसरा अर्ज लिहिला नाही.

कार्डं वाटली रेशनच्या दुकानात. तिथं माप करणारा हावगेप्पा हेही काम बघायचा. टेबलावर कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र, आणि मागं तांदळाची पोती. तानूचा फोटो डोळे मिटलेला आला. तो बघून ती म्हणाली, "बगा की अक्का, मेलेली दिसायलेय का न्हाई?" रांगेतल्या सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी येऊन तिनं कार्डाबरोबरचा कागद माझ्यापुढं धरला. मी वाचून सांगितलं. घरातल्या पाच माणसांचा मिळून वर्षाला तीस हजारांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च. मुदत एकतीस मार्च.

"अन् न्हाई वापरलं तर? मार्च झाल्यावर बुडतंय का?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "व्हय, बुडतंय."

घाईत होते असंही नाही. शेंगा सोलत बसले होते. हा शब्द आमच्याकडं रेशनचा आहे. महिन्याचं तांदूळ-रॉकेल त्या महिन्यात उचललं नाही तर बुडतं, पुढच्या महिन्यात हावगेप्पा हात झटकतो. म्हणून बायका अंगात ताप असला तरी उचलायला जातात, घरात रॉकेल शिल्लक असलं तरी उचलून शेजारणीला देतात. गरिबाच्या घरात बुडू देणं म्हणजे पाप. मी त्या शब्दाला हो म्हणाले, आणि तीस हजार रुपये तानूच्या डोक्यात तांदळाच्या पोत्यासारखे जाऊन बसले. आपल्या नावचं पोतं, मार्चच्या आत उचलायचं.

खोटं नव्हतं ते. एकतीस मार्चनंतर त्या वर्षाचं कार्ड चालत नाही. पण ते पोतं नव्हतंच. आजारी पडलो तर कंपनी खर्च देणार, नाही पडलो तर देवाची कृपा, आणि पुढच्या वर्षी नवीन कार्ड, एवढाच त्याचा अर्थ. तो मला चांगला ठाऊक होता. आमच्या स्वतःच्या घरात खाजगी कंपनीची पॉलिसी आहे. राजपाल सहा वर्षं हप्ता भरतायत आणि दर वर्षी म्हणतात, गेले पैसे. आणि दर वर्षी मी म्हणते, दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही, आणखी काय पाहिजे तुम्हाला? हेच वाक्य तानूला सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं. मला सुचलंच नाही. आपल्यासाठी विमा म्हणजे न वापरण्याची वस्तू, आणि तिला मिळालेलं म्हणजे रेशन, असं माझ्याही मनात कुठंतरी होतं म्हणायचं.

एकटी तानूच नाही, सगळं गाव त्या कार्डाकडं तसंच बघायला लागलं. दिवाळीनंतर हावगेप्पा महिन्यातून दोनदा जीप भरून गुलबर्ग्याला न्यायला लागला. पुरुषांचा काय आजार काढणार? बायकांना पिशवी होती. एकीची झाली, मग तिच्या जावेची, मग समोरच्या घरातली. नळावर एकमेकींना विचारायच्या, तुझी झाली का? आमच्या वस्तीतली शोभाबाई संक्रांतीला करून आली, अजून घागर उचलत नाही. तेव्हा तानू माझ्याकडं येऊन म्हणाली होती, "रेशनला पिशवी न्यायची अन् भरून आणायची. हितं पिशवी देऊन यायचं. हावगेप्पाचा धंदा दोन्हीकडून बरा हाय." आणि गंभीर होऊन म्हणाली होती, मेंढीचं अंग बाहेर आलं तर आम्ही मिठाच्या पाण्यानं धुऊन हळूच आत ढकलतो, चार दिवस बसवून ठेवतो, पुढच्या साली ती परत वितेय. कापून कोणी फेकत नाही.

इतकं शहाणपण तिच्याजवळ जानेवारीत होतं. मार्चमध्ये का राहिलं नाही, हेच मी आज सारखं मनात फिरवतेय.

तिला दिवाळीपासून पांढरं जात होतं, कंबर धरत होती. कोणाला बोलली नाही. मला सांगितलं तेव्हा मी तिला औरादला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. त्याला अकरा दिवस झाले. बाहेर शंभरेक बायकांची रांग. डॉक्टरणीनं पडद्याआड तपासलं, म्हणाली, पिशवीच्या तोंडाला सूज आहे, तोंड येतं तसं. चौदा दिवस गोळ्या, नवऱ्यालाही त्याच गोळ्या, नाहीतर परत होईल. काचेच्या पट्टीवर नमुना घेतला, तो बीदरला जाईल, पंधरा दिवसांनी रिपोर्ट न्यायला या. दोन मिनिटांत झालं. बोलणं बरोबर होतं, पण पुढच्या बाईला हाक मारत मारत बोलली. तानूनं बाहेर येऊन विचारलं, एवढंच? तिला वाटलं, आपल्याला नीट बघितलंच नाही.

बिराप्पाला फोनवर गोळ्यांचं सांगितलं तर तो हसला. माझ्याजवळ बी पिशवी हाय का, म्हणाला. त्याच्या गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात तसंच पडलंय. तानूनं आपल्या गोळ्या पाच दिवस घेतल्या.

मग हावगेप्पानं समाजमंदिरात शिबिर लावलं. दवाखान्याची गाडी, पांढरा कोट, आणि पेटीतला टीव्ही. पोटावर थंड औषध लावून यंत्र फिरवायचं आणि टीव्हीवर दाखवायचं. तानू नुसती बघायला गेली होती. तिलाही निजवलं.

परवा दुपारी ती माझ्याकडं आली. मी सातवीचे पेपर तपासत बसले होते. ती नेहमी आत येऊन चुलीजवळ बसते, परवा उंबऱ्यावरच बसली.

"अक्का, काळं दिसलं," ती म्हणाली.

कुठं, म्हणून मी विचारलं. तिनं पोटावर हात ठेवला. टीव्हीत काळं दिसलं, कोटवाला म्हणाला, आज काढली नाही तर उद्या कॅन्सर. मेंढरू असतं तर मी हात घालून बघितलं असतं, म्हणाली, आपल्या आतलं आपल्याला कुठं दिसतंय. हे तिनं कानडीत म्हटलं. घाबरली की ती कानडीत जाते.

मग पुन्हा मराठीत म्हणाली, "मार्च संपायला पाच दिस हायेत. कारड बुडल्यावर कॅन्सर निगाला तर मी कुटं जाऊ?"

आणि माझ्याकडं बघत राहिली.

तेव्हा बोलायला हवं होतं. कार्ड एप्रिलात नवीन होतं, तानू. टीव्हीवर काळं सगळ्यांचंच दिसतं, मंगलनं मला सांगितलंय. औरादचा रिपोर्ट येऊ दे. यातलं एकही वाक्य मला अवघड नव्हतं. पण मला वाटलं, मी कोण? मी मराठी आणि इतिहास शिकवते. आत खरंच काही असलं तर? माझ्या शब्दावर थांबली आणि वर्षानं कॅन्सर निघाला तर महांतेशला मी काय तोंड दाखवू? आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी राजपालनाही सांगितलेली नाही. दवाखान्याचं नाव तिनं घेतलं तेव्हाच मला कळलं होतं की तिथं मंगल आहे. तिथून बाई परत फिरली, हावगेप्पानं चौकशी केली आणि बोलता बोलता माझं नाव निघालं, तर ते मंगलपर्यंत जायला किती वेळ?

म्हणून मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणल्यावर..." आणि वाक्य सोडून दिलं. हातातल्या पेपरावर लाल खूण केली. ती खूण चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणून झाली होती, ते काल कळलं.

तानू उठली. कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. आठ दिवस ठेवा म्हणाली, कोणी पोरगं घेऊन आलं तर पाकिटं कपाटात खालच्या खणात आहेत. पाणी उकळून घ्या. आज सकाळी हावगेप्पाच्या जीपमध्ये सहा बायकांबरोबर गेली. बिराप्पा हुमनाबादच्या नाक्यावर चढला असणार.

मंगलच्या फोननंतर मी बिराप्पाचा नंबर चार वेळा लावला. बंद आहे. राजपाल जेवताना म्हणाले, तू यात पडू नकोस, काही कमी-जास्त झालं तर सगळं गाव तुझ्यावर येईल. ते घाबरट नाहीत. ते खरंच बोलतायत. थांब म्हणून सांगितलं आणि चुकलं, तर ते माझं. पण गप्प बसले आणि चुकलं, तर तेही माझंच आहे. फक्त ते गावाला कळणार नाही, एवढाच फरक. हे कळायला मला चार तास लागले.

मी सारखी उद्याचा विचार करतेय. तिला सकाळी उपाशी ठेवतील, हिरवा झगा घालतील, बांगड्या काढायला लावतील. बांगड्या काढायच्या म्हटल्यावर ती नवऱ्याकडं बघेल आणि तो भिंतीकडं बघेल. कागद कानडीत किंवा इंग्रजीत असेल. फक्त पिशवी का अंडाशयंही, हे त्यात कुठंतरी बारीक अक्षरात असेल. ती कोणाला तरी शोधेल, वाचून सांगायला. खोलीत वाचता येणारी पाच-सहा माणसं असतील, आणि सगळी दवाखान्याची.

एक सोडून.

मंगलची ड्यूटी सातला सुरू होते. मी तिला भांड म्हणून सांगणार नाही. मॅट्रनकडं जाऊ नको, कोणावर आरोप करू नको. सातला वॉर्डात जा, तानूमावशीच्या शेजारी बस आणि सांग की औरादचा रिपोर्ट यायला चारच दिवस राहिलेत, तो बघू. एप्रिलात नवीन कार्ड निघतं, तीस हजार परत येतात, खरंच काढायची वेळ आली तर तेव्हाही काढता येईल. अक्कानं तुला अर्धंच सांगितलं होतं, हे माझं नाव घेऊन सांग. त्यानंतरही तिला करायचं असेल तर तिच्यापुढचा कागद तिला शब्द न् शब्द वाचून दाखव, मग अंगठा उठवू दे.

ट्रेनी पोरीनं पेशंटला कागद वाचून दाखवला म्हणून कोणी काढून टाकतं का, मला माहीत नाही. टाकतही असतील. तिचे मार्क जातील, वर्ष जाईल, गावात लोक म्हणतील आईनंच लेकीचं वाटोळं केलं. ती वीस वर्षांची आहे, आणि तिला जे करायला लावतेय ते मी स्वतः परवा माझ्या घरात बसून करू शकले नाही.

साडेअकरा झाले. हॉस्टेलच्या खोलीत चौघी जणी आहेत, फोन वाजला की सगळ्या उठतील, वॉर्डन ओरडेल. सकाळवर टाकलं तर माझा धीर राहणार नाही, मला मी ठाऊक आहे. मंगलला आत्ताच उठवते.